मॅडिसनमध्ये अटकेची नोंद कशी शोधायची

प्रश्न बहुतेक वेळा फोनवर येतो, आणि बहुतेक वेळा पुण्याहून किंवा नाशिकहून. "स्थळ चांगलं आहे, मुलगा मॅडिसनला एपिक कंपनीत आहे, माणसं ओळखीतून आलीत. पण तिकडे पोलिसांचं काही असेल तर ते कळतं का हो ताई?" कधी इथलाच कुणी तळघर भाड्याने द्यायच्या आधी विचारतो. आणि कधी मध्यरात्री एखादी आई विचारते, कारण विद्यापीठात शिकणारा मुलगा फोन उचलत नाही आणि त्याचा रूममेट म्हणतो की पोलीस घेऊन गेले. मी अमेरिकेतल्या मॅडिसनमध्ये एका फौजदारी वकिलाच्या ऑफिसात पॅरालीगल, म्हणजे वकिलाची मदतनीस आहे, या नोंदी काढणं हे माझं रोजचं काम. विस्कॉन्सिन राज्यात त्या काढणं सोपं आहे आणि बरंचसं फुकट. अवघड आहे ते त्या नीट वाचणं. अर्धवट वाचलेल्या नोंदीवरून माणसाची नोकरी आणि ठरत आलेलं लग्न मोडताना मी पाहिलं आहे, म्हणून इतकं सविस्तर लिहिते आहे.

आधी कोणता कागद कुणाकडे असतो ते बघू. इथे आपल्यासारखा एफआयआर नसतो. पोलीस अटक करतात, तुरुंगात नेऊन फोटो आणि बोटांचे ठसे घेतात (याला सगळे 'बुकिंग' म्हणतात), आणि कागद काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) डिस्ट्रिक्ट ॲटर्नीकडे, म्हणजे सरकारी वकिलाकडे जातात. आरोप ठेवायचा की नाही आणि ठेवायचा तर कोणता, हे तो ठरवतो. त्याने ठेवला तरच कोर्टात केस नंबर पडतो. म्हणून अटक झालेल्या माणसाची कोर्टात एकही केस नसते असं घडतं. उलट, कधीच अटक न झालेल्या माणसाला नुसतं समन्स जाऊन केस उभी राहते असंही घडतं. पोलिसांनी लावलेलं कलम आणि कोर्टातलं कलम वेगळं निघणं तर नेहमीचंच. एका ठिकाणी काही सापडलं नाही म्हणून माणूस स्वच्छ, किंवा एका ठिकाणी सापडलं म्हणून गुन्हेगार, असं धरून चालू नका.

माणूस आत्ता कोठडीत आहे का?

मध्यरात्रीच्या फोनचं उत्तर आधी देते, कारण त्यात वेळ महत्त्वाचा असतो.

मॅडिसन शहर डेन काउंटीत येतं. शहरात आणि आजूबाजूला पोलीस खाती बरीच आहेत: मॅडिसन शहराचं, विद्यापीठाचं स्वतःचं, राज्याच्या कॅपिटल इमारतीचं, शिवाय व्हेरोना, फिचबर्ग, मिडलटन, सन प्रेअरी. शोरवूड हिल्स आणि मेपल ब्लफ या चिमुकल्या गावांचीही आपापली पोलीस खाती आहेत. पण यांपैकी कुणीही पकडलं तरी काउंटीचा तुरुंग एकच, तो डेन काउंटी शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या ताब्यात. डाउनटाउनमध्ये डोटी स्ट्रीटवर पब्लिक सेफ्टी बिल्डिंग आहे, तिथे. म्हणून कोणत्या पोलिसांनी नेलं हे शोधत बसू नका, थेट शेरीफच्या संकेतस्थळावर आत्ता आत असलेल्यांची यादी बघा. शेरीफ काल्विन बॅरेट यांनी २०२२ मध्ये कैद्यांना 'रेसिडेंट' म्हणायचं ठरवलं, तेव्हा 'इनमेट' हा शब्द शोधून काही मिळालं नाही तर या शब्दाने शोधा.

बुकिंग पूर्ण होईपर्यंत नाव यादीत दिसत नाही. यात काही तास जाऊ शकतात. यादीत नाव नाही याचा अर्थ सुटला असा घेऊ नका, तुरुंगाला फोन करा. नाव सांगताना पासपोर्टवर जसं आहे तसं, अक्षर-अक्षर फोडून सांगा आणि जन्मतारीख द्या. अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात. ५ मार्च सांगायचा असेल तर तोंडाने 'मार्च पाच' म्हणा, नाहीतर ते ३ मे शोधत बसतील.

दुसरा मार्ग 'वाइनलिंक'. १९९३ साली केंटकीतल्या लुईव्हिल शहरात मेरी बायरन या तरुणीचा तिच्या एकविसाव्या वाढदिवशी खून झाला. तिच्यावर अत्याचार केल्याबद्दल तुरुंगात असलेला माणूस सुटला होता आणि तिला कुणी कळवलं नव्हतं. त्यानंतर ही सूचना देणारी यंत्रणा तिथे उभी राहिली आणि देशभर पसरली, विस्कॉन्सिनही तिच्यात आहे. एखाद्याच्या नावावर नोंदणी करून ठेवली की तो सुटला किंवा दुसरीकडे हलवला की फोन किंवा मेसेज येतो. जिला कुणापासून धोका आहे तिने तर ही नोंदणी आजच करावी.

आता याच फोनसाठी तीन गोष्टी, नीट ऐका. विस्कॉन्सिनमध्ये पैसे घेऊन जामीन भरणारे खासगी 'बेल बाँड' एजंट कायद्याने चालतच नाहीत. जामिनाची रक्कम ठरलीच तर ती थेट भरायची असते. त्यामुळे "तुमचा मुलगा मॅडिसनच्या जेलमध्ये आहे, मी बाँड एजंट बोलतोय, गिफ्ट कार्डचे नंबर सांगा" असा फोन आला तर तो शंभर टक्के फसवणुकीचा. फोन ठेवा आणि शेरीफची यादी उघडा. दुसरं, मुलाला फोन मिळाला तर त्याला घटनेबद्दल काहीही विचारू नका. तुरुंगातले फोन रेकॉर्ड होतात आणि मराठीत बोललं म्हणून ते सुरक्षित राहत नाहीत. जेवलास का, बरा आहेस का, वकील बघतोय, एवढंच बोला. तिसरं, अटक झालेला माणूस भारतीय नागरिक असेल तर व्हिएन्ना करारानुसार त्याला वाणिज्य दूतावासाला कळवायला सांगण्याचा हक्क आहे. पण भारताच्या बाबतीत पोलीस आपणहून कळवायला बांधलेले नाहीत, त्याने स्वतः मागायला हवं. विस्कॉन्सिन शिकागोच्या भारतीय वाणिज्य दूतावासाकडे येतं.

सीकॅप: इथे थांबून वाचा

चालू किंवा जुनी केस आहे का हे बघायचं तर विस्कॉन्सिनची सगळ्यात मोठी सोय म्हणजे सर्किट कोर्टांचं, म्हणजे काउंटी पातळीवरच्या राज्य न्यायालयांचं संकेतस्थळ. अधिकृत नाव 'विस्कॉन्सिन सर्किट कोर्ट ॲक्सेस', पण वकिलापासून घरमालकापर्यंत सगळे त्याला सीकॅप म्हणतात. १९९९ पासून ते लोकांना खुलं आहे. राज्याच्या सगळ्या ७२ काउंट्या, फुकट, खातं उघडावं लागत नाही. इतर राज्यांतून आलेले वकीलसुद्धा पहिल्यांदा बघतात तेव्हा चकित होतात. पत्त्याच्या शेवटी 'डॉट गव्ह' आहे ना तेवढं बघा. शोध घेतल्यावर वरच्या जाहिरातींमध्ये सीकॅपसारखी दिसणारी, पैसे मागणारी संकेतस्थळं येतात, त्यांच्याकडे फिरकू नका.

आडनाव, नाव टाका, काउंटी 'डेन' निवडा. मग काउंटीची अट काढून सगळ्या राज्यात बघा, कारण मॅडिसनमध्ये राहणाऱ्या माणसाला मिलवॉकीला जाताना वॉकेशा काउंटीत पकडलेलं असू शकतं.

मराठी नावांची इथे खरी पंचाईत होते. आपल्या पासपोर्टवर नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असतं. इथला पोलीस ते रस्त्यावर, रात्री, लायसन्स बघून टाइप करतो. वडिलांचं नाव कधी मधलं नाव होतं, कधी पहिल्या नावाला चिकटतं, कधी गळतं. ज्यांच्या व्हिसावर एकच नाव छापलं गेलं त्यांच्या पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' ही तीन अक्षरं येतात, म्हणजे पहिलं नाव अज्ञात, आणि कोर्टातही ती तशीच उतरतात. दीक्षित, वैद्य, चौधरी, क्षीरसागर यांची रोमन स्पेलिंग तर घरागणिक वेगळी. बाईचं नाव लग्नाआधीच्या आणि नंतरच्या, दोन्ही आडनावांनी शोधा. जमतील तेवढी रूपं कागदावर लिहून घ्या आणि एकेक टाकून बघा.

आणि नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं नाही. अमित पाटील किंवा राहुल शर्मा नावाचा माणूस एकच कसा असेल? जन्माचा तपशील, पत्ता, त्या काळात तो या राज्यात होता का, हे सगळं जुळल्याशिवाय एक शब्दही पुढे पोचवू नका.

निकालाच्या यादीत केस नंबर दिसतो: आधी साल, मग दोन अक्षरं, मग क्रमांक. सगळं त्या दोन अक्षरांत आहे. सीएफ म्हणजे फेलनी, गंभीर गुन्हा. सीएम म्हणजे मिस्डिमिनर, कमी गंभीर. सीटी म्हणजे वाहतुकीचा पण फौजदारी गुन्हा. टीआर म्हणजे साधी वाहतूक, वेग वाढवला वगैरे. एफओ म्हणजे दंडावर मिटणारी बाब. याशिवाय एससी असेल तर छोटा दिवाणी दावा, घर खाली करण्याचे दावे यातच येतात. एफए म्हणजे कौटुंबिक, घटस्फोट इत्यादी. स्थळ बघणाऱ्यांना हे एफए अनपेक्षितपणे कामाला येतं, पण तो अटकेचा विषय नाही.

केस उघडली की आरोपांचा तक्ता दिसतो: कलम, वर्णन, गंभीरपणा, आणि शेवटी निकाल. लोक वर्णन वाचून थांबतात. तुम्ही निकालाचा रकाना वाचा. तिथे सुरुवातीला लावलेला आरोप आणि नंतर बदललेला आरोप वेगळा असू शकतो. 'डिसमिस्ड' म्हणजे आरोप काढून टाकला. 'डिसमिस्ड बट रेड इन' म्हणजे काढला, पण शिक्षा ठरवताना न्यायाधीशाने तो विचारात घेतला. त्यावर वेगळी शिक्षा नाही आणि पुन्हा खटलाही नाही. या दोहोंत फरक आहे, त्यांची गल्लत करू नका. डेन काउंटीत 'डिफर्ड प्रॉसिक्युशन' चा कार्यक्रम बरीच वर्षं चालू आहे: आरोपीने समुपदेशन, वर्ग, भरपाई असं ठरलेलं सगळं पूर्ण केलं तर आरोप काढला किंवा सौम्य केला जातो. नोंदीत असं दिसलं तर त्या माणसाने काहीतरी निभावून दाखवलं आहे, हे लक्षात घ्या.

'बेल जंपिंग' हा शब्द पाहून घाबरणारे बरेच भेटतात, त्यांना वाटतं माणूस फरार झाला. विस्कॉन्सिनमध्ये जामिनाची कोणतीही अट जाणूनबुजून मोडली की हा वेगळा गुन्हा लागतो. अट दारू न पिण्याची होती आणि बियर घेतली, लागला. मूळ आरोप फेलनीचा असेल तर बियरवरून लागलेला हा आरोपही फेलनी होतो, कमाल शिक्षा सहा वर्षं. त्यामुळे एकाच माणसाच्या नावावर सहा-सात आरोप दिसतात आणि त्यांतले पाच हेच असतात. आकडा मोजू नका, प्रत्येक ओळ वाचा.

घरगुती हिंसेच्या अटकेबद्दल जरा थांबून सांगते, कारण आपल्या लोकांच्या नोंदींमध्ये ही दिसते आणि तिच्याविषयी दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. या राज्याचा कायदा, कलम ९६८.०७५, ठरावीक परिस्थितीत पोलिसांना अटक करायला भागच पाडतो. कुणीतरी ९११ ला फोन केला, पोलीस आले, हिंसा झाल्याचं सबळ कारण दिसलं आणि जखम दिसली किंवा पुन्हा होण्याची शक्यता वाटली, तर "आम्ही आपसात मिटवतो" हे ऐकून परत जायची मुभा त्यांना नाही. अटकेनंतर ७२ तास त्या माणसाने पीडित व्यक्तीशी संपर्क करायचा नाही, घरीही जायचं नाही. पीडित व्यक्तीने लेखी सूट दिली तर गोष्ट वेगळी. सासू-सासरे भारतातून फोन करून निरोप पोचवायला लागतात, ते करू नका, त्याने आणखी एक गुन्हा उभा राहतो. अटक सक्तीची असते म्हणून ती निरर्थक असते असं मी म्हणत नाही. मारहाण झाली असेल तर ती झाली आहे, आणि मुलीकडच्यांना ते कळायलाच हवं. म्हणूनच पुढे काय झालं ते वाचायचं: आरोप ठेवला का, कोणता, निकाल काय, आणि याच माणसाविरुद्ध मनाई हुकमाचा अर्ज दुसऱ्या केसमध्ये आहे का.

दारू पिऊन गाडी चालवण्याला इथे ओडब्ल्यूआय म्हणतात. संपूर्ण अमेरिकेत विस्कॉन्सिन हे एकच राज्य असं आहे जिथे पहिल्या वेळी हा फौजदारी गुन्हा धरत नाहीत. दंड होतो, लायसन्स जातं, पण केस टीआरमध्ये राहते. त्यामुळे "फौजदारी काही नाही" हे उत्तर खरं असूनही अर्धं असतं. शिवाय व्हिसावर असलेल्यांना नुसती अटकही पुरते: २०१५ पासून अमेरिकेचं परराष्ट्र खातं अशा अटकेवरून निकाल लागायच्या आत व्हिसा रद्द करतं. मुलाने घरी काही सांगितलं नसेल आणि तो भारतात यायला टाळत असेल, तर त्यामागे हे कारण असू शकतं.

सीकॅपवर जे दिसत नाही

आरोप ठेवलाच नाही अशी अटक दिसत नाही. सतरा वर्षांखालच्या मुलांच्या बालन्यायालयातल्या केसेस गोपनीय असतात (सतरा पूर्ण झालेल्याला मात्र हे राज्य फौजदारी कोर्टात प्रौढ धरतं). पूर्ण डिसमिस झालेल्या किंवा निर्दोष सुटलेल्या फौजदारी केसेस, २०१८ च्या बदलानंतर, दोन वर्षांनी संकेतस्थळावरून काढल्या जातात. शिक्षा झालेल्या मात्र टिकतात: मिस्डिमिनर २० वर्षं, फेलनी ५० वर्षं.

आणि मॅडिसन म्युनिसिपल कोर्ट. शहराच्या नियमांखाली पोलिसांनी दिलेली तिकिटं, उदाहरणार्थ दंगामस्ती, दुकानातली किरकोळ चोरी, वयाआधी दारू, इथे चालतात. हे कोर्ट सीकॅपमध्ये नाही. पहिल्या वेळचा ओडब्ल्यूआयदेखील म्युनिसिपल कोर्टात चालू शकतो. सिटी-काउंटी बिल्डिंगमध्ये त्यांचं ऑफिस आहे, तिथे वेगळी विचारणा करावी लागते. व्हेरोना, मिडलटनसारख्या गावांचंही तसंच.

फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या कायद्याखालच्या केसेस वेगळ्या. मॅडिसनमध्येच नॉर्थ हेन्री स्ट्रीटवर वेस्टर्न डिस्ट्रिक्टचं फेडरल कोर्ट आहे. त्यांची कागदपत्रं 'पेसर' वर मिळतात, पानाला १० सेंट, एका दस्तऐवजाला जास्तीत जास्त ३ डॉलर, आणि तीन महिन्यांत ३० डॉलरच्या आत राहिलात तर बिल माफ. इमिग्रेशनवाल्यांनी, म्हणजे आइसने, नेलं असेल तर ते ना शेरीफच्या यादीत, ना सीकॅपवर. त्यासाठी आइसचं स्वतःचं शोधपान आहे, त्यात एलियन नंबर (परदेशी नागरिकाला इमिग्रेशन खातं देतं तो क्रमांक) किंवा पूर्ण नाव आणि जन्मदेश टाकावा लागतो. विस्कॉन्सिनमधून नेलेल्यांना जूनो गावच्या डॉज काउंटी तुरुंगात ठेवल्याचं पुष्कळदा आढळतं.

सीकॅप हा कोर्टाच्या फाइलचा गोषवारा आहे, फाइल नव्हे. मूळ तक्रार वाचायची तर साउथ हॅमिल्टन स्ट्रीटवरच्या डेन काउंटी कोर्टात क्लार्कच्या ऑफिसात जा. केस नंबर द्या, बघायला पैसे लागत नाहीत. नक्कल पानाला १ डॉलर २५ सेंट, सही-शिक्क्याची हवी तर वर ५ डॉलर. भारतात बसलेल्यांनी इथल्या कुणाला पाठवावं. मी म्हणेन, लग्नासारखा निर्णय असेल तर ही फेरी कराच. सीकॅपवरची एक ओळ आणि तक्रारीतली दोन पानं यांत फार अंतर असतं, कधी माणसाच्या बाजूने, कधी विरुद्ध.

पोलिसांकडे अर्ज

आरोप न ठेवलेल्या अटकेची नोंद पोलिसांकडेच मिळते. मॅडिसन पोलीस काही निवडक घटनांचे गोषवारे संकेतस्थळावर टाकतात, पण ती सगळी नोंद नव्हे. बाकीचं मागून घ्यायचं.

ही मागणी कशी रुजली ते सांगते, कारण मला तो निकाल फार आवडतो. मिलवॉकीचे पोलीसप्रमुख हॅरल्ड ब्रायर अटक झालेल्यांची नावं वार्ताहरांना दाखवत, पण कशासाठी अटक झाली ते दाखवायला तयार नव्हते. १९७९ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रोजच्या अटकेचा तक्ता, आरोपासकट, जनतेसाठी खुला असला पाहिजे. कारण साधं होतं: पोलिसांनी कुणाला आणि का पकडलं हे लपवता आलं तर गुपचूप अटका सुरू होतील. म्हणजे ही नोंद उघडी ठेवण्यामागे अटक झालेल्याचंही रक्षण आहे. शेजाऱ्याची बदनामी करायला ती उघडी ठेवलेली नाही.

आपल्या माहिती अधिकाराची सवय असलेल्यांना इथला कायदा, कलमं १९.३१ ते १९.३९, ओळखीचा वाटेल, पण दोन गोष्टींत तो सैल आहे. नाव सांगावं लागत नाही, हे एक. दुसरं, नागरिकत्वाची अट नाही, सांगलीत बसूनही ईमेल करता येतो. कारण इथेही सांगावं लागत नाही. मात्र ३० दिवसांसारखी ठरलेली मुदत नाही. कायदा म्हणतो 'शक्य तितक्या लवकर आणि विलंब न लावता'. साध्या मागणीला दहा कामाचे दिवस योग्य, असं राज्याचं न्याय खातं सुचवतं.

अर्ज चार ओळींचा लिहा: माणसाचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख, अंदाजे कोणत्या काळातलं, कोणत्या रस्त्यावरचं माहीत असेल तर ते, आणि काय हवं, अटकेची नोंद की घटनेचा अहवाल. "याच्याबद्दल जे असेल ते सगळं" असं लिहिलंत तर अर्ज लांबतो आणि पैसेही लागतात. शोधण्याचा खर्च ५० डॉलर किंवा अधिक असेल तरच ते तो लावू शकतात, आणि एकूण खर्च ५ डॉलरच्या वर गेला तर आधी भरायला सांगू शकतात. लेखी मागणी नाकारली तर कारणं लेखीच द्यावी लागतात. मिळालेल्या कागदात काळ्या पट्ट्या असतील, पीडितांची आणि मुलांची नावं झाकलेली असतील, ते योग्यच आहे.

घटना विद्यापीठाच्या आवारातली असेल तर अर्ज विद्यापीठ पोलिसांकडे. त्यांना क्लेरी कायद्याने रोजची गुन्हे-नोंदवही ठेवावी लागते, नोंद दोन कामाच्या दिवसांत व्हायला हवी आणि मागच्या ६० दिवसांची वही कुणीही बघू शकतो. तीत घटना, ठिकाण, वेळ कळते. विद्यापीठाने विद्यार्थ्यावर केलेली शिस्तीची कारवाई मात्र खासगी असते, ती मागू नका, मिळणार नाही.

राज्याची तपासणी, आणि नावाचा घोळ

राज्याच्या न्याय खात्याचा क्राइम इन्फर्मेशन ब्यूरो नावावरून इतिहास काढून देतो, ७ डॉलर, ऑनलाइन. यात राज्यभरच्या बोटांचे ठसे घेतलेल्या अटका येतात, आरोप न ठेवलेल्यासुद्धा. म्हणून सीकॅपपेक्षा इथे अटक जास्त सापडते.

पण ही तपासणी नाव आणि जन्मतारखेवर चालते. २०१७ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापुढे अशा माणसाचं प्रकरण आलं ज्याच्या नावावर एकही गुन्हा नव्हता. त्याच्या नातेवाइकाने पोलिसांना याचं नाव सांगितलं होतं, आणि याच्या नावाने कुणीही तपासणी केली की त्या नातेवाइकाचा अख्खा इतिहास हातात पडत असे. न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. हाती आलेला कागद ज्याचा आहे त्याला दाखवून विचारा. मी प्रत्येक कुटुंबाला हेच सांगते, आणि जे विचारतात त्यांना बहुतेक वेळा सरळ उत्तर मिळतं.

मुलगा आधी दुसऱ्या राज्यात होता का तेही विचारा. आयोवा आणि मिनेसोटाची कोर्टं अशीच ऑनलाइन शोधता येतात. इलिनॉयमध्ये काउंटीगणिक वेगळं, शिकागोत राहिला असेल तर कुक काउंटीच्या क्लार्ककडे बघा.

नोकरीवर ठेवण्यासाठी किंवा भाडेकरूसाठी बघत असाल तर नियम आणखी कडक आहेत. विस्कॉन्सिनमध्ये नुसत्या अटकेवरून नोकरीत भेदभाव करणं बेकायदेशीर आहे, सीकॅप स्वतःच्या पानावर मालकांना तशी ताकीद देतं. खासगी कंपनीकडून नोकरीसाठी तपासणी करून घ्यायची तर उमेदवाराची लेखी संमती लागते. या कंपन्यांनी सात वर्षांपूर्वीची, शिक्षा न झालेली अटक कळवायची नसते, पण पगार वर्षाला ७५,००० डॉलर किंवा जास्त असेल तर ही मर्यादा लागू होत नाही. आपल्याकडचे बहुतेक इंजिनीअर त्या बाहेरच पडतात.

नोंद तुमचीच असेल तर

आरोप न ठेवता सोडलं असेल किंवा सगळ्या आरोपांतून सुटला असाल, तर क्राइम इन्फर्मेशन ब्यूरोकडे अर्ज करून ती अटक काढून टाकायला सांगता येतं. त्यांचा फॉर्म आहे, सोबत बोटांचे ठसे लागतात. हे आपोआप होत नाही, तुम्हीच मागायचं. दुसऱ्याचा गुन्हा तुमच्या नावावर लागला असेल तरी मार्ग ठशांचाच.

शिक्षा झाली असेल तर 'एक्सपंजमेंट' साठी, म्हणजे कोर्टातली नोंद मिटवून घेण्यासाठी दार अरुंद आहे: गुन्ह्याच्या वेळी वय पंचविसाच्या आत, गुन्ह्याची कमाल शिक्षा सहा वर्षांपर्यंत, आणि न्यायाधीशाने ते शिक्षा सुनावतानाच मंजूर केलेलं असायला हवं. म्हणून मुलाची केस आत्ता चालू असेल तर वकिलाला हे आजच विचारा, निकालानंतर नको. मंजूर झालं आणि अटी पूर्ण केल्या की केस सीकॅपवरून जाते. पोलीस आणि न्याय खात्याच्या दप्तरातली नोंद तशीच राहते, आणि व्हिसाच्या फॉर्मवर अटक झाली होती का असं विचारलं तर उत्तर 'हो' च द्यायचं. सोबत कोर्टातून सही-शिक्क्याची नक्कल काढून ठेवा, दोन-तीन जास्तीच्या. फाइल एकदा नष्ट झाली की ती पुन्हा मिळत नाही, आणि वाणिज्य दूतावासातला अधिकारी ती मागतोच.